लिंकननं मॅक्लेलनला एप्रिलातच घरी बसवायला हवं होतं

चारभिंतीवरून, सातारा
काल राजवाड्यावर भेळ खाताना हा वाद पेटला. गाडीवाल्यानं दिवा मालवला म्हणून अर्धवट राहिला, तो इथं पुढं चालवतो.

अमेरिकेच्या यादवी युद्धात राष्ट्राध्यक्ष लिंकननं सेनापती जॉर्ज मॅक्लेलनला नोव्हेंबर १८६२ मध्ये काढलं. माझ्या मते निदान सहा महिने उशीर झाला.

१३ नोव्हेंबर १८६१ ची रात्र घ्या. लिंकन आपण होऊन या सेनापतीच्या घरी गेला. साहेब लग्नाला गेलेले. लिंकन बसून राहिला. साहेब आले, राष्ट्राध्यक्ष थांबलेत हे नोकरानं सांगितलं, तरी सरळ जिना चढून वर गेले. अर्ध्या तासानं निरोप आला की साहेब झोपले! मानपान बघायची ही वेळ नाही म्हणून लिंकननं ते गिळलं. इथवर ठीक.

पण लढाईचं काय? मार्च १८६२ मध्ये दक्षिणेकडच्या बंडखोरांचे सेंटरव्हिलचे मोर्चे रिकामे सापडले, आणि तिथं तोफांच्या जागी काळे रंगवलेले ओंडके. महिनाभरात यॉर्कटाउनला पुन्हा तेच. समोर बंडखोरांचा सेनानी मॅग्रुडर, त्याच्याकडं सुरुवातीला तेरा-चौदा हजार माणसं. गडी तीच माणसं झाडीमागून फिरवून परत परत पुढं आणायचा, तमाशात एकच नट चार सोंगं घेतो तशी. मॅक्लेलनच्या मोहिमेत लाखभर फौज, तरी वेढा घालून हा महिना बसला. एकदा फसणं समजू शकतो. दुसऱ्यांदा?

खटावकर
सरदाराला टोचलं की काय होतं ते आमच्या तालुक्याला विचारा. प्रतापराव गुजर आमच्या भोसऱ्याचे. उमराणीला त्यांनी बहलोलखानाला कोंडून सोडून दिलं. महाराजांचा बोल लागला, तोंड दाखवू नका म्हणून. २४ फेब्रुवारी १६७४ ला नेसरीला सहा स्वार घेऊन अख्ख्या फौजेवर तुटून पडले. मान आहेच, पण सरनोबत गेला तो गेलाच.

आणि मॅक्लेलनला काढून काय कमावलं? त्याच्या जागी बर्नसाइड आला. वरून घाई होतीच. १३ डिसेंबर १८६२ ला फ्रेडरिक्सबर्गला त्यानं चढावर माणसं घातली, त्याच्या बाजूचे बारा हजारांवर मेले, जखमी नि बेपत्ता झाले. आधी बुल रनच्या लढाईत हरून पळालेल्या जमावाची फौज ज्यानं बांधली त्याला भित्रा म्हणायचं, आणि ज्यानं ती भिंतीवर आपटली त्याला?

प्रीतिसंगम, कराड
खटावकर, प्रतापरावांनी दया दाखवली होती. ती सावधगिरी नव्हे. उदाहरण गैरलागू.

जवळचं देतो. १ सप्टेंबर १९६५ ला छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले. आपले यशवंतराव संरक्षणमंत्री. त्यांनी विमानं वापरायला तिथल्या तिथं होकार दिला. लष्करप्रमुख जनरल चौधरी मात्र जपून चालणारे. पुढं खेमकरणला दाब वाढला तेव्हा चौधरींनी बियास नदीमागं हटायला सांगितलं, असं पश्चिम विभागाचे प्रमुख हरबक्षसिंग यांनी लिहून ठेवलंय. ते हटले नाहीत. असल उत्तरला आपले रणगाडे उसात दबा धरून बसले आणि समोरचे पॅटन चिखलात रुतले. भिजवलेल्या फडात जड गाडं घातल्यावर काय होतं ते कराडकराला सांगायची गरज नाही.

तरी साहेबांनी चौधरींना काढलं नाही. खालचा माणूस खमका असला की वरचा सावध चालतो.

चारभिंतीवरून
बियासचा लेखी हुकूम कुणी दाखवलेला नाही, तेव्हा जरा बेतानं घ्या. आणि तुमचा मुद्दा माझ्याच पथ्यावर पडतो. मॅक्लेलनच्या हाताखाली हरबक्षसिंग होता कुठं? सप्टेंबर १८६२ च्या अँटिटमच्या लढाईआधी शत्रूची योजनाच तीन सिगारना गुंडाळलेली हाती लागली, तरी निघायला रात्र घालवली. १७ सप्टेंबरला लढाई झाली, दोन कोर, म्हणजे फौजेचे दोन मोठे भाग, जवळपास बसून राहिले. मग बंडखोरांचा सेनापती ली मार खाल्लेली फौज घेऊन नदी ओलांडून जातोय आणि हे बघताहेत. यांना त्याच्या मागं नदी ओलांडायला २६ ऑक्टोबर उजाडला. घोडी दमलीत, त्यांच्या जिभा दुखतायत, हे कारण! लिंकननं विचारलं, लढाईनंतर तुमच्या घोड्यांनी असं केलंय काय की ती दमावीत?

सुभेदार (नि.), अपशिंगे
हसू नका. मी खेचरांच्या कंपनीत बारा वर्षं काढली. जनावराच्या तोंडात फोड आले की दाणा पुढं ठेवा, हुंगतं आणि तोंड फिरवतं. तिसऱ्या दिवशी बरगड्या दिसतात, खोगिराचा पट्टा दोन भोकं आत घ्यावा लागतो. त्यावर ओझं टाकलं तर चढाला बसतं, मग मारून उठत नाही. ते दिल्लीत बसून कळत नाही, वॉशिंग्टनला काय कळणार.

चारभिंतीवरून
सुभेदारसाहेब, घोड्यांचं मागं घेतो. ओंडक्यांचं घेत नाही.

सुभेदार (नि.), अपशिंगे
ओंडक्यांचं मीही म्हणत नाही. एक गस्त पाठवली असती तर सकाळी नऊपर्यंत कळलं असतं. माझ्या कंपनीत असता तर त्याला स्टोअरवर टाकला असता. मोजदाद नीट ठेवली असती की नाही, तेवढीच शंका आहे.