अनुभव धागा: कमी पैशात घरामागची फरशी आणि छोटं तळं (इंदूरकरांनी जरूर लिहा)

घरामागे मोकळी जागा आहे, अर्धी उखडलेली, अर्धी गवताची. संध्याकाळी चार खुर्च्या टाकण्यापुरती फरशी आणि कमळाचं एक लहानसं तळं, एवढीच हौस. ठेकेदाराचा आकडा ऐकून हातातला चहा गार झाला. ज्यांनी स्वतः थोडक्यात भागवलंय त्यांनी लिहा. आपली काळी माती आणि एक दिवसाआड येणारं नर्मदेचं पाणी धरून सांगा. बाहेरगावचे बंगल्यांचे फोटो नकोत.

सुदामानगरी: ताई, आधी माती बघा. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि मे महिन्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट फरशी टाकली की एक वर, एक खाली होणारच. आम्ही फूटभर माती काढली, मुरूम भरून, पाणी मारत धुम्मसाने ठोकला, वर दोन इंच दगडाची चुरी. फरशी चुरीवर कोरडीच मांडली. एखादी खचली तर उचलून खाली मूठभर चुरी सरकवायची, मिस्त्री नको. पैसा सगळा मुरमात गेला. फरशी मात्र पाडलेल्या जुन्या घरातली, कोटाची. कोपरे तुटलेल्या होत्या, त्या कडेला लावल्या. घासून गुळगुळीत झालेली बाजू खाली आणि खरखरीत वर घ्या, नाहीतर पहिल्याच पावसात कुणीतरी आडवं होईल. ढाळ घरापासून दूर, सहा फुटांना एक इंच. आणि काढलेली काळी माती फेकू नका, कमळाला तीच लागते.

परसबाग_वेडी: वरच्या भियांशी (भाऊंशी) सहमत. तळ्यालाही हाच नियम. माती हलली की सिमेंटच्या टाक्याला तडे जातात, शिवाय नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि मासे मरतात. मी शेततळ्यात अंथरतात ती ५०० मायक्रॉनची प्लास्टिकची पन्नी घेतली, दुकानात उरलेला तुकडा स्वस्तात मिळाला. हिशोब असा: खड्ड्याची लांबी, त्यात खोलीची दुप्पट, शिवाय कडांना दोन फूट. रुंदीचंही तसंच. खाली जुन्या सतरंज्या अंथरा, मुळं आणि खडे टोचत नाहीत. पन्नीची उघडी कड दगडांखाली झाका. उन्हाने तीच आधी जाते.

खोली दोन फूट तरी हवी. उथळ पाणी मेमध्ये तापतं आणि भराभर उडतं. कमळाचा कंद टबात काळ्या मातीत लावून वर गिट्टीचा थर द्या, म्हणजे माती वर येत नाही. पाच-सहा तास थेट ऊन हवं. सुरुवातीला पाणी हिरवंगार होईल. घाबरून सगळं पाणी बदलू नका, शेवाळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. पानांनी निम्मं पाणी झाकलं की ते आपोआप निवळतं.

धागाकर्ती: आणि डास? सासूबाईंचा पहिला प्रश्न तोच.

परसबाग_वेडी: गप्पी मासे सोडा. नळाचं पाणी भरून दिवसभर उघडं ठेवा, क्लोरीन उडू द्या, मग मासे. त्यांना वेगळं खाणं घालू नका, अळ्या खातील. फार वाढले तर घरी कूलर असलेल्या कुणाला त्याच्या टाकीसाठी द्या, पण सिरपूर किंवा पिपल्यापाळ्याच्या तलावात नेऊन सोडू नका. तिथल्या माशांच्या पोटावर पाय येतो.

छावणीचा: मी मासे ठेवलेच नाहीत, खंड्या रोज येऊन बसायचा. डास होऊ नयेत म्हणून पाणी हलतं ठेवायला जुन्या कूलरचा १८ वॅटचा पंप लावलाय. रोज आठ तास चालला तरी महिन्याला साडेचार युनिटच्या आत. तरी कोपऱ्यातलं पाणी हलत नाही, तिथे अळ्या काढायला आठवड्यातून एकदा चहाची गाळणी फिरवावी लागते. बायको म्हणते, मासे परवडले!

रामबाग_आजी: घरात रांगतं मूल असेल तर तळं आत्ता नको. करायचंच असेल तर खिडकीची जुनी लोखंडी ग्रील पाण्याच्या वर पक्की बसवा. दोन फूट पाणीसुद्धा लहान जिवाला पुरतं.

छावणीचा: आजींचं ऐका. अजून एक, रंगपंचमीला गेर (रंग उडवत निघणारी मिरवणूक) बघून आलेली पोरं हात धुवायला थेट तळ्याकडे धावतात. त्या दिवशी वर ताडपत्री.

सुदामानगरी: आणि गणपती त्यात नकोत. शाडूचा असला तरी रंग असतोच. विसर्जन बादलीत करायचं.

धागाकर्ती: उन्हाळ्यात पाणी कमी झालं की आरओचं वाया जाणारं घालू का? रोज बादलीभर निघतं.

परसबाग_वेडी: नको. त्यात क्षार जास्त असतात. पाणी उडून जातं, क्षार तळ्यातच साठत राहतात, कमळ पिवळं पडेल. ते फरशी धुवायला वापरा. तळ्याला गच्चीचा पावसाळी पन्हाळ जोडा, फक्त पहिल्या पावसाचं धुळकट पाणी बाहेर सोडा. उन्हाळ्यात नर्मदा आली की दोन बादल्या, संध्याकाळी.