जाहीर न केलेली युद्धं
अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष सरसेनापती, म्हणून युद्धाचा निर्णयही त्यांचाच, असं म्हटलं जातं; ते काही पटलं नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत युद्ध जाहीर करायचा अधिकार काँग्रेसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे आहे. घटनेच्या १७८७ च्या मसुद्यात काँग्रेसचा अधिकार 'युद्ध करणे' असा होता. मॅडिसन आणि गेरी या घटना परिषदेतल्या प्रतिनिधींनी ते 'जाहीर करणे' करवून घेतलं, अचानक हल्ला झाला तर राष्ट्राध्यक्षांचे हात बांधलेले नकोत म्हणून. सगळी गोम त्या एका शब्दात! काँग्रेसने शेवटचं युद्ध जाहीर केलं जून १९४२ मध्ये. मग कोरिया, व्हिएतनाम? ती युद्धं जाहीर न करताच लढली गेली. १९७३ च्या कायद्याने काँग्रेसच्या संमतीविना लढायला ६० दिवसांची मुदत घातली, तीही राष्ट्राध्यक्ष निक्सनचा नकाराधिकार मोडून. पण २०११ मध्ये लिबियावर बॉम्ब पडत असताना ओबामा सरकारचा युक्तिवाद काय, तर ही त्या कायद्याच्या अर्थाने लढाई नव्हेच. मग मुदत मोजायची कुठून?