संगीतवर्गाची जाहिरात एआयकडून करताना पोस्टरवरची अक्षरं मोडतात. उपाय?

पेटी_आणि_पट्टी:
कोथरूडला ६ ते १० वर्षांच्या मुलांसाठी गाणं आणि तालाचा वर्ग जूनपासून सुरू होतोय. शनिवार-रविवार सकाळी, १२-१२ मुलांच्या दोन बॅचेस. जाहिरातीचं बजेट सगळं मिळून ६ हजार. मजकूर चॅटजीपीटीकडून घेतला तर 'आपल्या पाल्याच्या सुप्त प्रतिभेला पंख द्या' छापाचा येतो. पोस्टरवर 'संगीत'चं 'संगति' होतं, जोडाक्षरं तर वाचवत नाहीत. जिंगलही एआयकडून करून घ्यावी का?

अक्षरजुळणी:
चित्र काढणारं एआय अक्षर टाइप करत नाही, अक्षराचं चित्र काढतं. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर, पण कागदावर त्याच्या आधी. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. फॉन्ट हे नियमाने बसवतो, एआय अंदाजाने. नवी मॉडेलं बरी आहेत, पण 'प्रवेश सुरू' नीट उमटलं म्हणून खूश व्हावं, तर खालच्या फोन नंबरातला एक आकडा बदललेला असतो.

म्हणून एआयकडून फक्त चित्र घ्या. सूचनेत लिहा: 'चित्रात एकही अक्षर नको, वरचा एक तृतीयांश भाग मोकळा, एकाच फिक्या रंगाचा.' मजकूर कॅनव्हा या डिझाइनच्या ॲपमध्ये टाका. मुक्ता किंवा बालू हे फॉन्ट मोफत आहेत. जुनं पत्रक श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर) असेल तर ते तिथे पेस्ट केल्यावर भलतीच चिन्हं दिसतील, आधी युनिकोड करून घ्या. छपाईला ए५ आकार पुरे: ३०० डीपीआयला १७४८ × २४८० पिक्सेल. एआयचं चित्र बहुधा याहून लहान येतं, ते ताणून पूर्ण पान भरू नका, फुटतं.

डग्गा_तिरकिट:
अक्षरांइतकीच वाद्यं तपासा. एआय तबला-डग्गा सारख्याच मापाचे काढतं. डग्ग्याची शाई (कातड्यावरचा काळा गोल) मधोमध दाखवतं. ती एका बाजूला हवी, मधोमध फक्त तबल्याची. तंबोऱ्याला नसलेले, सतारीसारखे पडदे चिकटवतं. पेटीच्या काळ्या पट्ट्या दोन-तीन, दोन-तीन अशा गटांत असतात, एआय त्या सरसकट एकाआड एक बसवतं. आणि पेटीचा भाता गायब! गाण्याच्या घरातला पालक हे दोन सेकंदांत पकडतो, मग वर्गाबद्दल काय मत होणार? त्यापेक्षा खऱ्या पेटीवर मुलाच्या हाताचा फोटो, खिडकीच्या उजेडात, चेहरा न दाखवता. मुलांचे फोटो 'सुंदर करून दे' म्हणून एआयवर चढवू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येकजण बालक आहे. पालकांची संमती लेखी घ्या.

जिंगल नकोच. सुनो या गाणी बनवणाऱ्या एआयच्या फुकट खात्यातलं गाणं धंद्याला वापरता येत नाही, हे एक. दुसरं म्हणजे गाणं शिकवणाऱ्यांनी मशीनचा आवाज ऐकवायचा म्हणजे कहरच. चार मुलांनी म्हटलेला सरगमचा पलटा २० सेकंद रेकॉर्ड करा: फोन दीड-दोन मीटरवर, पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर.

शुद्धलेखन_१८:
मजकूर पुस्तकी येतो कारण एआयला माहिती न देता 'आकर्षक लिही' सांगितलं जातं. असं सांगून पाहा: 'कोथरूड, ६ ते १० वर्षं, शनि-रवि सकाळी, बॅचला १२ मुलं, फी अमुक, पहिला तास मोफत. शेजारच्या ताईंना सांगतो तसं ४० शब्दांत लिही. मी दिलेल्या माहितीपलीकडे काही घालू नकोस. पाच नमुने दे.' त्यातला एक निवडा, मोठ्याने वाचा, जीभ अडखळेल तो शब्द काढा.

तरी एआय हळूच 'मान्यताप्राप्त प्रमाणपत्र' घुसडतं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेची तयारी खरंच करून घेत असाल तरच मंडळाचं नाव छापा. 'संगीताने बुद्ध्यांक वाढतो' हेही खोडा. हा समज ज्यावरून पसरला त्या, 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात १९९३ साली छापून आलेल्या प्रयोगात कॉलेजचे विद्यार्थी होते, त्यांनी मोझार्टचं संगीत ऐकलं १० मिनिटं, आणि परिणाम पाव तासात ओसरला.

पेटी_आणि_पट्टी:
मनापासून आभार. फोटो काढतेच. व्हॉट्सॲपवर २०० पालकांची ब्रॉडकास्ट यादी आहे, पण मेसेज निम्म्यांनाही पोचत नाही. पत्रकावर क्यूआर टाकला तर चालेल?

अक्षरजुळणी:
ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच ब्रॉडकास्ट पोचतो. म्हणून पत्रकावर 'नंबर सेव्ह करा' स्पष्ट लिहा.

क्यूआर टाका, पण व्हॉट्सॲप लिंकमध्ये आधीच भरलेला मेसेज मराठीत ठेवू नका. लिंकमध्ये देवनागरीचं एकेक अक्षर नऊ चिन्हांचं होतं, क्यूआरचे ठिपके बारीक होतात आणि स्वस्त कागदावर स्कॅन होत नाही. नुसता इंग्रजी आकडा ठेवा: पेपरातून टाकायच्या पत्रकाला 1, सोसायटीच्या नोटीस बोर्डाला 2, शाळेबाहेर वाटायच्याला 3. कुठून किती मेसेज आले तेही कळतं. क्यूआर अडीच सेंटिमीटरहून लहान नको. एक प्रत छापून आधी जुन्या फोनवर स्कॅन करून बघा, मगच हजार प्रतींची ऑर्डर द्या.

डग्गा_तिरकिट:
आणि चौकात फ्लेक्स लावायचा विचार असेल तर आधी महापालिकेच्या आकाशचिन्ह विभागाची परवानगी काढा.