धुतल्यानंतर पेरोव्स्काइट नॅनोस्फटिकांची चमक का जाते?

गोदाकाठची_विद्यार्थिनी (नाशिक)

नमस्कार. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी सिझियम लेड ब्रोमाइड या पेरोव्स्काइटचे (ठरावीक स्फटिकरचनेच्या पदार्थाचे) नॅनोस्फटिक, म्हणजे काही नॅनोमीटर आकाराचे कण, हॉट इंजेक्शन पद्धतीने तयार करत आहे. लेड ब्रोमाइड, ऑक्टाडिसीन, ओलेइक आम्ल आणि ओलेइलअमाइन यांचे मिश्रण 120 अंश सेल्सिअसला निर्वातात कोरडे करून, नायट्रोजनखाली 170 अंशांपर्यंत तापवून मी त्यात गरम सिझियम ओलिएट एकदम सोडते आणि काही सेकंदांतच फ्लास्क बर्फाच्या पाण्यात बुडवते. कच्चे द्रावण अतिनील दिव्याखाली लख्ख हिरवे दिसते. मात्र ॲसिटोन घालून सेंट्रीफ्यूज केल्यावर (वेगाने फिरवून गाळ खाली बसवल्यावर) आणि टोल्युइनमध्ये पुन्हा मिसळल्यावर ते मंदावते, आणि दुसऱ्यांदा धुतले की गढूळ होते. एलईडीसाठी थर द्यायचा तर जादा ऑक्टाडिसीन आणि ओलेइक आम्ल काढणे भागच आहे. मग धुवावे कसे? आणि हेच कण पुढे लेसरच्या मापनासाठी चालतील का?

स्फटिकवेध

आपले स्फटिक बहुधा चांगलेच तयार झाले आहेत. धुताना त्यांचा पृष्ठभाग उघडा पडतो आहे. या कणांवर ओलिएट आणि ओलेइलअमोनियम (ओलेइक आम्ल आणि ओलेइलअमाइन यांचीच भारित रूपे) हे लिगँड, म्हणजे पृष्ठभाग झाकणारे घटक, घट्ट बसत नाहीत, ते सतत सुटतात आणि पुन्हा चिकटतात. त्यांच्यात प्रोटॉनची देवाणघेवाण झाली की दोघांचेही उदासीन रेणू बनतात आणि द्रावणात निघून जातात. ॲसिटोनसारखा ध्रुवीय द्रावक या गळतीला हातभार लावतो, लिगँडसोबत ब्रोमाइडही जाते, आणि उरलेले कण एकमेकांना चिकटून गढूळपणा येतो.

उपाय करण्याआधी शोषण वर्णपट मात्र अवश्य घ्या. शोषणाची कडा 500 नॅनोमीटरच्या आसपास शाबूत असून केवळ प्रकाश कमी झाला असेल, तर दोष पृष्ठभागाचा आहे. 314 नॅनोमीटरजवळ टोकदार शिखर दिसले, तर जादा ओलेइलअमाइनमुळे काही पदार्थ रंगहीन Cs₄PbBr₆ मध्ये बदलला आहे, आणि तेव्हा धुण्याची पद्धत बदलून काहीही साधणार नाही.

पहिले सेंट्रीफ्यूज काहीही न मिसळता करा, वरचा द्रव टाकून द्या आणि गाळ थोड्याशा टोल्युइनमध्ये घ्या. त्यानंतर मिथाइल ॲसिटेट, द्रावण जेमतेम धूसर होईल इतकेच, तेही एकदाच. शेवटी डायडोडेसिलडायमिथाइलअमोनियम ब्रोमाइड, म्हणजे डीडीएबी, टोल्युइनमध्ये विरघळवून थेंबाथेंबाने घालावे: त्यातून गेलेले ब्रोमाइड परत मिळते, आणि या अमोनियमजवळ देण्यासाठी प्रोटॉनच नसल्यामुळे ते ओलेइलअमोनियमसारखे सहज सुटत नाही. प्रमाण जास्त झाले तर CsPb₂Br₅ तयार होते, म्हणून प्रत्येक भरीनंतर दिव्याखाली पाहत जा.

प्रकाशवर्धन

लेसरविषयी लिहितो. झुरिचच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातील गटाने 2015 मध्ये या कणांची हॉट इंजेक्शन पद्धत प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी त्यांच्या थरांतून सुमारे 5 मायक्रोज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर इतक्या कमी थ्रेशोल्डला (किमान पंप ऊर्जेला) प्रवर्धित उत्स्फूर्त उत्सर्जन, म्हणजे लेसरच्या आधीची पायरी असलेले एएसई, मिळाल्याचे दाखवले. प्रकाशाचे प्रवर्धन होण्यासाठी प्रत्येक कणात सरासरी एकाहून अधिक एक्सिटॉन (इलेक्ट्रॉन आणि त्याने मागे सोडलेली पोकळी यांच्या जोड्या) असावे लागतात. पण दोन एक्सिटॉन एकत्र आले की ऑजे प्रक्रिया त्यांतील एकाची ऊर्जा पिकोसेकंदांच्या कालमानात गिळून टाकते. म्हणूनच पंपासाठी, म्हणजे कणांना प्रकाशाने उत्तेजित करण्यासाठी, फेमटोसेकंद लेसर वापरतात, आणि फार लहान कणांपेक्षा 9–10 नॅनोमीटरचे एकसारखे घन बरे पडतात, कारण आकारमान वाढले की ऑजे मंदावते.

एलईडीत विद्युतभार कणापर्यंत पोहोचवायचा असतो, त्यामुळे तिथे लांब लिगँड अडसर ठरतात आणि थर पातळ हवा. प्रकाशाने पंप करताना लिगँडच्या विद्युतरोधाने काही बिघडत नाही. तिथे जाड, दाट आणि सपाट थर हवा. तेव्हा वेगळी बॅच नको. एकाच बॅचचे दोन भाग करा, लेसरचा भाग एकदाच धुवा आणि डीडीएबी फक्त एलईडीच्या भागाला द्या. एएसई आले की मुख्य शिखराच्या लाल बाजूला काही नॅनोमीटर रुंदीचे नवे शिखर एकाएकी वर येते. नुसती तीव्रता वाढणे म्हणजे एएसई नव्हे.

गोदाकाठची_विद्यार्थिनी (नाशिक)

दोघांचेही मनापासून आभार. आमच्याकडे ग्लोव्हबॉक्स (कोरड्या, निष्क्रिय वायूची बंद पेटी) नाही आणि पावसाळ्यात इथली हवा फार दमट असते. डीएमएफ (डायमिथाइल फॉर्ममाइड हा ध्रुवीय द्रावक) वापरून सामान्य तापमानाला होणारी पद्धत अशा वेळी सोपी पडेल का?

स्फटिकवेध

करायला सोपी आहे, पण मी ती सुचवणार नाही. डीएमएफ याच स्फटिकांना विरघळवते, आणि त्याचा उरलेला अंश थरात राहिला तर पुन्हा हाच प्रश्न उभा राहील. टोल्युइन आणि मिथाइल ॲसिटेट मॉलिक्युलर सीव्हवर (पाणी शोषणाऱ्या खड्यांवर) वाळवून घ्या, कण द्रावणातच बंद बाटलीत अंधारात ठेवा आणि थर देण्याचे काम दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत करा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीसाठी आयआयटी मुंबईच्या सैफ या अत्याधुनिक उपकरणांच्या केंद्रात बाहेरचे नमुने घेतात; ते मापन तेवढे आधीच उरकून घ्या. धुण्याचे सगळे द्रव शिसेयुक्त आहेत, ते बेसिनमध्ये न ओतता चिठ्ठी लावलेल्या वेगळ्या बाटलीत जमा करा.