घाटात लोड घेऊन तिसऱ्यात दमते, क्राऊन बदलू का?

हापूसलाइन
नमस्कार मंडळी. मागच्या दिवाळीत एक जुनी डिझेल पिकअप घेतली, RC वर दीड टनाच्या आसपास पासिंग आहे. मार्च ते मे देवगडहून आंबा भरायचा आणि फोंडा घाट, दाजीपूर, राधानगरी करत कोल्हापूर मार्केटला टाकायचा, येताना भाजी नायतर गूळ जे मिळेल ते. सपाटीला गाडी मस्त आहे, तक्रार नाही, पण फोंड्याचा चढ लागला की सत्तर क्रेटवर तिसरा धरतच नाही, दुसऱ्यात टाकलं की इंजिन बोंबलतं आणि तिसऱ्यात टाकलं की मरतं, मधलं काही नाहीच. आमच्याकडचा मेस्त्री म्हणतो मागचा क्राऊन पिनियन (मागच्या अ‍ॅक्सलमधली दातांची जोडी) बदल, लोडचा टाक, गाडी रेड्यासारखी ओढेल. कुठला रेशो घेऊ? 4.56 घेतला तर हायवेला गाडी पळणार नाही असं दुसरा एकजण म्हणतो. आकड्यांचंच कळत नाही, मोठा आकडा म्हणजे स्पीड जास्त ना?

बाराटायर
उलटं आहे भाऊ. आकडा म्हणजे चाकाचा एक फेरा व्हायला प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंतचा दांडा) किती फेरे मारतो ते. 4.56 म्हणजे साडेचार फेऱ्यांत एक, म्हणून ताकद जास्त आणि पळ कमी. 3.73 म्हणजे पळायचा. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात, बास. 41 आणि 11 असले की 3.73, 41 आणि 10 ला 4.10, 41 आणि 9 ला 4.56. (हे 41 का, 40 का नाही? 40 आणि 10 केलं तर तेच तेच दात एकमेकांवर घासत राहतात, 41 ला प्रत्येक दात सगळ्यांना भेटून येतो आणि घासणी सारखी होते.)
आणि सत्तर क्रेट म्हणजे नक्की किती किलो ते आधी सांग, नंतर क्राऊनचं बघू 😄

गॅरेज_राजारामपुरी
भावा थांब जरा, मेस्त्रीचं ऐकून लगेच हौसिंग (क्राऊन असतो ती पेटी) उघडू नको. आधी तुझ्या गाडीत आत्ता काय आहे ते मोज. जुनी गाडी आहे, आधीच्या मालकानं काय घातलंय देव जाणे.

गाडी सपाटीला उभी कर, इंजिन बंद, न्यूट्रल, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लाव, हँडब्रेक सोड (तो मागच्या चाकांनाच धरतो, सोडला नाहीस तर चाक फिरणारच नाही). मागचं एकच चाक जॅकवर उचल, खाली स्टँड दे, नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नको. प्रोपेलर शाफ्टवर खडूनं रेघ मार. आता उचललेलं चाक हातानं वीस वेळा फिरव आणि दुसऱ्या कुणाला तरी शाफ्टचे फेरे मोजायला सांग. दुसरं चाक जमिनीवर धरलेलं असल्यानं चाकाच्या वीस फेऱ्यांत क्राऊन दहाच फिरतो, म्हणजे शाफ्ट 41 वेळा फिरला तर 4.10, 37 च्या वर फिरला तर 3.73. दोनच फेऱ्या मोजल्या तर 4 आणि 4.10 मधला फरक डोळ्याला कळत नाही म्हणून वीस सांगतोय.
आणि टायरचा साइज वाचून सांग, साइडला लिहिलेला असतो. हे विसरू नको.

हापूसलाइन
केलं. धाकट्यानं मोजले, 41. मागच्या दोन्ही टायरवर 7.00-15 लिहिलंय. सत्तर क्रेट म्हणजे क्रेटसकट साधारण चौदाशे किलो, जास्त भरत नाही शपथ.

गॅरेज_राजारामपुरी
मग झालं की! RC बघ, नायतर दरवाज्याच्या खांबावरचा स्टिकर बघ, माझा अंदाज तिथं 215/75 R15 असणार. त्याची उंची 70 सेंमी, तुझ्या 7.00 ची साधारण 75. टायर सहा-साडेसहा टक्क्यांनी मोठा झाला, एका फेऱ्यात तेवढं जास्त अंतर जातो, म्हणजे तुझा 4.10 रस्त्यावर 3.85 सारखा चालतोय. आधीच्या मालकानं क्राऊनला हात न लावता रेशो बदलून ठेवलाय. तुझं स्पीडोमीटरपण खोटं बोलत असणार, काटा 75 ला आणि खरं 80.

आता 4.56 टाकलास आणि टायर हेच ठेवलेस तर मूळ टायरवरच्या 4.28 एवढं होईल. म्हणजे हौसिंग उघडून, बेअरिंग सील बदलून, शिम (पातळ चकत्या) लावून, मार्किंगचा निळा रंग लावून दात नीट बसतात का बघून, एवढं सगळं करून मिळणार काय तर कंपनीच्या सेटिंगपेक्षा चार टक्के जास्त.

बाराटायर
फक्त एक. 7.00 वाले लोक हौसेनं टाकत नाहीत, लोडला कडक असतात म्हणून टाकतात. परत 215 वर आला तर टायरवरचा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) बघून घे, स्वस्तातला कारचा टायर आणून बसवू नको. फोंड्यात फुटला तर आंब्याचा रस.

आणि पळणार नाही ही भीती सोडून दे. मालवाहू गाडीला 80 चा लिमिटर असतो, तुझ्याही असणार. 80 ला, पाचवा गिअर 0.8 चा (शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनाचे 0.8 फेरे) धरला तर 4.10 वर इंजिन मिनिटाला 2000 फेऱ्यांच्या आसपास आणि 4.56 वर सव्वादोन हजार. डिझेलला यात काय त्रास? पळायचा क्राऊन घेऊन जायचंय कुठं.

डलासचा_मालवणी
वाचून मजा आली, इकडे पिकअप विकत घेतानाच ऑर्डरच्या कागदावर अ‍ॅक्सल रेशो निवडायला लागतो, 3.31, 3.55, 3.73 असं. मी ट्रेलर ओढायचा म्हणून 3.73 घेतला आणि आता वाटतं 3.55 वर पण भागलं असतं, कारण फोर्डच्या नव्या दहा गिअरच्या बॉक्समध्ये पहिलाच गिअर 4.70 चा आहे. जुन्या चार गिअरच्या गाडीत पहिला 2.84 होता. आता गुणाकार करा, 2.84 ला 3.73 नं गुणलं तर साडेदहा, आणि 4.70 ला 3.55 नं गुणलं तर 16 च्या वर. म्हणजे नुसता मागचा आकडा बघून काही कळत नाही, गिअरबॉक्ससकट बघायला लागतं. तुमच्या पाच गिअरच्या गाडीत दुसरा आणि तिसरा यात अंतर मोठं असेल तर क्राऊन बदलून ते अंतर तसंच राहणार, फक्त सगळं थोडं खाली सरकेल.

हापूसलाइन
हे कुणी सांगितलंच नव्हतं. मेस्त्री टायरबद्दल एक शब्द बोलला नाय.

घाटमाथा_77
उतरतानाचं पण बघ रे. गूळ भरून खाली येतोस ना? मोठ्या टायरवर इंजिनाचा ब्रेकपण तेवढाच कमी धरतो, मग पाय ब्रेकवर राहतो आणि लाइनर जळाल्याचा वास. चढताना जो गिअर लागला त्याच गिअरात उतर, हे जुने ड्रायव्हर सांगायचे ते उगाच नाही.
आणि क्लच, एअर फिल्टर, टर्बोचा रबरी पाइप हे बघितलंस का? माझ्या गाडीचा पाइप क्लिपपाशी चिरला होता, सपाटीला कळायचं नाही, चढाला मात्र नुसता काळा धूर. दोन महिने मी क्राऊनच शोधत फिरत होतो 🤦

हापूसलाइन
परवा कणकवलीला जाऊन आलो. टर्बोचा पाइप ठीक आहे, फिल्टर मातीनं भरलेला होता तो बदलला. RC वर 215/75 R15 च आहे. लोड इंडेक्स बघून कमर्शियल 215 चे दोन मागे टाकले, पुढचे पुढच्या महिन्यात. काल साठ क्रेट घेऊन गेलो, दाजीपूरपर्यंत दोनच वळणांवर दुसरा टाकायला लागला, बाकी तिसऱ्यात. क्राऊन राहू दे आता.
काढलेले 7.00-15 चे दोन पडून आहेत, अर्धी बटणं (टायरची नक्षी) अजून शिल्लक आहेत. कुणाला हवे असतील तर मेसेज करा, देवगड ते कोल्हापूर कुठेही पोचवतो, भाडं नको.

बाराटायर
पेटी पाठव, टायर राहू दे.