आउटलाइनमध्ये कोडमधल्या कमेंट मथळे म्हणून येतात, त्याही सगळ्या नाहीत

मुठाकाठ:
खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर या चार धरणांच्या साठ्याची टिपणं मी आर मार्कडाउनमध्ये (साधा मजकूर आणि आर भाषेतला कोड एकाच फाइलीत) ठेवते. चारही मिळून क्षमता २९.१५ टीएमसी. पावसाळ्यात पुण्यात जो तो टक्केवारी विचारतो, तेव्हा आकडा कुठून आला हे मराठीत वाचता आलं पाहिजे, म्हणून हा खटाटोप.

फाइल आता बरीच लांबली आहे आणि आउटलाइनशिवाय (एडिटरच्या कडेला दिसणारी मथळ्यांची यादी) काही सापडत नाही. तिथे ‘पानशेत’च्या खाली ‘रिकाम्या नोंदी काढा’, ‘तारखा नीट करा’ असे मथळे दिसतात. या माझ्या कोडमधल्या कमेंट आहेत, म्हणजे # लावून स्वतःसाठी लिहिलेल्या टिपा! काही येतात, काही येत नाहीत. निट केलं (फाइलीतला कोड चालवून अहवाल बनवला) की कोड मात्र बिनचूक चालतो. देवनागरीमुळे होतंय का? इंग्रजीत लिहा असं कृपया सांगू नका.

सदाशिवपेठी:
एडिटरमधलं एक्स्टेंशन काढून परत टाकून बघा.

मुठाकाठ:
टाकलं. तसंच आहे.

आर_वाला_कोथरूड:
इंग्रजीत लिहायची काही गरज नाही. दोन गोष्टी बघून सांगा. ज्या कमेंट दिसतात त्यांत # नंतर मोकळी जागा आहे का? आणि त्या चंकचे (कोडच्या तुकड्याचे) वर-खालचे बॅकटिक (```) डाव्या कडेपासून सुरू होतात की आत सरकवलेत?

मुठाकाठ:
हो, जागा सोडलेल्याच तेवढ्या दिसतात. बॅकटिक चार जागा आत आहेत, कारण ते ‘१.’, ‘२.’ अशा पायऱ्यांखाली आहेत. कोड मात्र कडेलाच आहे. आणि आत्ता लक्षात आलं, एचटीएमएलमध्ये (तयार झालेल्या वेब पानात) त्याच ठिकाणी बॅकटिक जसेच्या तसे छापून येतात.

आर_वाला_कोथरूड:
मग उलगडलं. मार्कडाउनच्या नियमात यादीचा क्रमांक 0 ते 9 याच अंकांनी लिहिलेला चालतो. ‘१.’ ही त्याच्या लेखी यादी नव्हेच, साधा परिच्छेद. यादी नाही म्हटल्यावर चार जागा आत असलेले बॅकटिक कुंपण (कोड कुठे सुरू, कुठे संपतो ते दाखवणारी खूण) ठरत नाहीत, तीन जागांपर्यंतच मुभा आहे. कुंपण उघडलंच नाही, त्यामुळे कडेला असलेली # ची ओळ सरळ मथळा होते. # ला चिकटून लिहिलेली कमेंट मथळा ठरत नाही, म्हणून ती सुटते.

निटआर (निट करणारं आरचं पॅकेज) चंक शोधतो तो स्वतःच्या नियमाने. त्याला बॅकटिकच्या आधी कितीही जागा चालतात, म्हणून कोड बिनबोभाट चालतो. आउटलाइन काही चालवत नाही, नुसता मजकूर वाचते.

बॅकटिक डाव्या कडेला आणा. ‘१.’ तसाच राहू द्या.

मुठाकाठ:
आणले. खोटे मथळे गेले, एचटीएमएलही स्वच्छ झालं. पण मला खरी यादी हवी असेल, अंकही मराठी, तर?

आर_वाला_कोथरूड:
फाइलीत ‘1.’ लिहा आणि सीएसएसमध्ये (वेब पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांत) लिस्ट-स्टाइल-टाइपला ‘देवनागरी’ ही व्हॅल्यू द्या (अर्थात रोमन लिपीत). ब्राउझर १, २, ३ दाखवतो. मग मात्र चंक यादीच्या आत ठेवायचा तर बॅकटिकबरोबर कोडच्या सगळ्या ओळीही तेवढ्याच आत सरकवा, नाहीतर कमेंट परत वर येतील.