हायब्रिड घ्यावी की साधं पेट्रोल? दारव्हा तालुका, महिन्याला 1000 ते 1200 किमी

पांदणवाट:
नमस्कार मंडळी. मारुतीची ग्रँड विटारा किंवा टोयोटाची हायरायडर, दोन्हींपैकी एक घ्यायची आहे. स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिनासोबत विजेची मोटर, जी एकटीही गाडी चालवू शकते) घ्यावी का? घरापासून डांबरीपर्यंत 3 किमी मुरूम आणि काळी माती, पुढे तालुक्याला 22 किमी, महिन्यातून एकदा समृद्धीनं नागपूर. आईबाबांचे गुडघे दुखतात. गाडी वावरातल्या टिनाच्या शेडखाली उभी राहील. मायलेजचा लिटरला 27.97 किमी हा आकडा पाहून मन झालंय, पण कोटेशनमध्ये अडीच लाखांचा फरक आहे.

वऱ्हाडी_पाना:
भाऊ, पहिले हिशेब पाहा. 27.97 हा चाचणीतला आकडा. एसी लावून गावच्या रस्त्यावर हायब्रिडला 22 आणि साध्या पेट्रोलला 16 धरा. पेट्रोल 105 रुपये धरलं तर किलोमीटरला 4.77 आणि 6.56, म्हणजे बचत 1 रुपया 79 पैसे. अडीच लाख निघायला जवळपास 1 लाख 40 हजार किमी लागतात. तुमच्या रनिंगला दहा-अकरा वर्षं. महिन्याला 2500 चालवणाऱ्याचे पाच वर्षांच्या आत निघतात. जीएसटीतही सूट नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून 4 मीटरपेक्षा लांब पेट्रोल गाडीला 40 टक्के, हायब्रिड असो की नसो.

शिवाय हायब्रिडची खरी कमाई 30 ते 60 च्या वेगात होते, जिथं गतिरोधक, बैलगाड्या, बाजाराची गर्दी असते. प्रत्येक ब्रेकला बॅटरी थोडी भरते. समृद्धीवर 110-120 नं गेलात तर इंजिन सतत चालू, फायदा बराच घटतो.

सेमाडोह_घाट:
हिशेब बरोबर, पण आईबाबांसाठी ई-सीव्हीटीचा (हायब्रिडच्या ऑटोमॅटिक गिअरचा) आराम मोठा आहे. गिअरचा झटका नाही, आणि एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालत असल्यानं रेल्वे फाटकावर इंजिन बंद असतानाही गारवा राहतो. मात्र मे महिन्यात 45 अंशांत तापलेल्या गाडीची बॅटरी स्वतःला जपते, वीज कमी देते-घेते, म्हणून इंजिन जास्त वेळ चालतं आणि मायलेज पडतं. निघताना दोन मिनिटं काचा खाली ठेवून गरम हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी लावा.

बॅटरी हवेनं थंड होते. हवा आत घेणारी जाळी मागच्या सीटजवळ असते, नेमकी कुठं ते शोरूममध्येच दाखवून घ्या. तिच्यासमोर थैल्या ठेवू नका. वेचणीच्या दिवसांत कापसाचे तंतू आणि धूळ तिथं अडकते, तेव्हा महिन्यातून एकदा ब्रशनं साफ करा.

चिखलदऱ्याचा घाट उतरताना गिअर 'बी'वर (उतारावर गाडी अडवणारी स्थिती) लावा. बॅटरी जेमतेम 0.76 युनिटची, अर्ध्या उतारातच भरते. मग इंजिन मोठ्यानं घुमतं. ते पेट्रोल जाळत नसतं, गाडी अडवत असतं. घाबरू नका.

पांदणवाट:
डिकीत युरियाच्या गोण्या बसतील का? आणि पावसाळ्यात काळ्या मातीत?

वऱ्हाडी_पाना:
हायब्रिडची डिकी 265 लिटर, साध्या पेट्रोलची 373. बॅटरीमुळे डिकीचा तळ उचललेला आहे. 45 किलोच्या दोन गोण्या आडव्या जातील, पण मग बाकी सामान सीटवर.

ग्राउंड क्लिअरन्स 210 मिमी, मुरमाला पुरेसा. ओल्या काळ्या मातीत मात्र अडचण आहे, कारण हायब्रिडला ताकद फक्त पुढच्या चाकांना मिळते. चारही चाकांची सोय साध्या पेट्रोलच्या ठराविक व्हेरियंटमध्येच येते. चाकं घसरली की ट्रॅक्शन कंट्रोल (घसरण रोखणारी यंत्रणा) ताकद कापतं. चाकं फिरवत खड्डा खोल करू नका, चाकापुढं तुराट्या टाका.

आता नीट वाचा. गाडी बंद पडली तर ट्रॅक्टरला दोर बांधून गावापर्यंत ओढत नेऊ नका. पुढची चाकं फिरली की आतली मोटरही फिरते, वीज तयार करते आणि नुकसान होतं. पुढची चाकं उचलून किंवा पूर्ण गाडी फ्लॅटबेडवर चढवूनच न्या. तसंच या गाडीवरून ट्रॅक्टरला जम्प स्टार्ट देऊ नका. हिची 12 व्होल्टची बॅटरी स्टार्टर फिरवायला बनलेलीच नाही, ती फक्त यंत्रणा जागी करते. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी 'रेडी' (चालायला तयार) होत नाही. दोन आठवडे उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा अर्धा तास 'रेडी'त ठेवा, उघड्यावर.

रपट्यावर पाणी चाकाच्या अर्ध्यापेक्षा वर असेल तर थांबा. इंजिन मध्येच आपोआप सुरू होऊन पाणी ओढू शकतं.

सेमाडोह_घाट:
वर्कशॉपला एक प्रश्न नक्की विचारा: हाय व्होल्टेजचं काम इथंच होतं की गाडी नागपूरला पाठवता? टायर, सस्पेन्शन, ब्रेक पॅड गावातला मेकॅनिक करेल. हाय व्होल्टेजच्या नारंगी केबलला त्यानं हात लावू नये. हायब्रिड बॅटरीची वॉरंटी 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किमी आहे.

पांदणवाट:
शेडमध्ये सरकी असते, उंदीर फार. केबलचं काय करू?

वऱ्हाडी_पाना:
सरकी आणि गाडी एका छताखाली नकोच. शेडच दुसरी नसेल तर सरकी घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये भरा, गाडीपासून दूर. रात्री बोनेट थोडं उघडं ठेवा, अंधार आणि ऊब मिळाली की उंदीर घर करतो. दर आठवड्याला बोनेटखाली लेंड्या, कुरतडलेला कापूस दिसतो का पाहा. नारंगी आवरणावर दातांची खूण दिसली तर गाडी सुरू न करता वर्कशॉपला फोन करा.